थोरलीच्या हातचं विरजण

रिस्पा आपोंदीकडे जायचं तर वाट विचारावी लागत नसे, नाक पुढे केलं की झालं. सरोवराकडून वर चढणाऱ्या पायवाटेवर जिथे कुजक्या अंड्यांचा वास सुरू होई, तिथे डावीकडे वळायचं. शेराचं कुंपण, फाटक आणि आत दोन घरं. फाटकाच्या बरोबर समोर थोरलीचं, तिच्या उजव्या हाताला जरा मागे सरून धाकटीचं. घरांच्या मागे उतारावर दोन तळी, एकाखाली एक. वरचं थोरलीचं, खालचं रिस्पाचं. ओढ्याचं पाणी आधी वरच्या तळ्यात शिरे आणि तिथून एका पाइपातून खालच्यात येई. म्हणजे थोरलीच्या माशांनी वापरून टाकलेलं पाणी रिस्पाच्या माशांच्या वाट्याला. रिस्पा म्हणायची, "माझा सगळा जन्म त्या पाइपाच्या खालच्या तोंडाशी गेला." हे ती हसत म्हणायची, पण ऐकणाऱ्यानं हसलेलं तिला खपत नसे.

ओगुतूची ती दुसरी बायको. पहिली दोर्सिला अकेयो, चार मुलग्यांची आई, अंगानं थोराड आणि तोंडानं त्याहून थोराड. रिस्पा या फाटकातून आत आली तेव्हा दोर्सिलानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला विचारलं, "हिला जेवायला किती लागतं?" त्यानंतर बराच काळ दोघींचं बोलणं एवढ्याच मापाचं राहिलं. रिस्पाला तीन मुली झाल्या, तिन्ही लग्न करून गेल्या. मुलगा झाला नाही. आमच्याकडे मुलगा नसलेल्या बाईचं घर ती आहे तोवर घर, पुढे नुसत्या चार भिंती. हे कोणी तिला तोंडावर म्हणत नसे, पण लग्नाकार्यात बसायला मोढा कोणाला आणि चटई कोणाला, यावरून ते दर वेळी कळत असे.

आणि पेरणी. आमच्याकडे थोरलीनं आपल्या वावरात बी टाकल्याशिवाय धाकटीनं टाकायचं नाही. ढग भरून आले, शेजाऱ्यांचा मका उगवून वर आला, तरी थोरलीचा हात आधी. थोरली आजारी असली तर वाट बघायची, माहेरी गेली असली तर वाट बघायची. मोडलं तर चिरा लागते. चिरा लागलेलं माणूस झिजत झिजत संपतं, औषध लागू पडत नाही. तरण्या रिस्पाला या नियमाचा फार राग यायचा. ती कुदळ घेऊन आपल्या वावराच्या कडेला उभी राहायची, आणि दोर्सिला मुद्दाम चहा पीत बसायची.

सरोवरात मासे मिळेनासे झाले, ओगुतूची होडी रिकामी परतू लागली, तेव्हा त्यानं ही तळी खणली. तिलापिया माशाची पिल्लं फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आली त्या दिवशी दोर्सिला बांधावर येऊन उभी राहिली.

"जिवंत आहेत ना ही?" तिनं विचारलं.

"जिवंत नसती तर आणली असती कशाला?" ओगुतू म्हणाला.

"मग आधी माझ्या तळ्यात."

ओगुतू हसला, पण त्यानं पिशवी वरच्या तळ्यातच आधी सोडली. पुढे ओगुतू वारला. दोन विधवा दोन घरांत राहिल्या. थोरलीचे मुलगे नैरोबीला नोकरीला गेले. दोघींना जोडणारा तो पाइप तेवढा उरला, आणि तो तुंबला की दोघी एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात कोंबड्यांशी बोलत.

वर्षानुवर्षं कोंबड्यांची विष्ठा आणि उरलंसुरलं खाद्य तळाशी बसत गेलं. वरच्यापेक्षा खालच्या तळ्यात जास्त, कारण वरचं सगळं वाहून खालीच येई. काळा, मऊ गाळ. त्यातून बुडबुडे उठायचे आणि फुटला की वास. दुपारच्या उन्हानंतर मासे तोंड वर काढायचे, मग रिस्पा शेजाऱ्याचा डिझेलचा पंप आणून पाणी घुसळायची आणि सगळ्या आळीला धूर खायला लागायचा.

अशात मुसिंबी आली. मत्स्यखात्याच्या कुठल्याशा योजनेवरची मुलगी, मोटरसायकलवरून यायची, पायात गमबूट. तिनं रिस्पाच्या तळ्यात एक टब पालथा तरंगत ठेवला. बुडबुडे त्यात साठले, ते तिनं एका सुईनं ओढून कुपीत भरले. हे बघायला दोर्सिलासुद्धा काठी टेकत खाली उतरली, पण खालच्या तळ्याच्या बांधावर पाय न ठेवता वरच उभी राहिली. धाकटीच्या तळ्यावर थोरली जात नसे.

"काय धरतेस गं त्यात?" तिनं वरून विचारलं.

"वायू, आजी. गाळ हवेशिवाय कुजतो ना, त्यातून निघतो. आभाळात जातो आणि तिथे उष्णता धरून ठेवतो. त्यानं पाऊसपाणी बिघडतं."

"म्हणजे तळं पादतं आणि आभाळाला घाम फुटतो?"

मुसिंबीला हसू आवरेना. "असंच काहीतरी. पंपाचा धूर वेगळाच."

"धाकटीचं तळं आहे, पादणारच," दोर्सिला म्हणाली.

रिस्पा हसली नाही. चार-पाच वर्षांमागे सरोवर चढलं होतं आणि खालचा तिचा मक्याचा पट्टा पाण्याखाली गेला तो गेलाच. तेव्हा लोक म्हणाले देवाची इच्छा. आता ही मुलगी म्हणत होती की त्यात माणसांच्या धुराचा आणि तळ्यांच्या श्वासाचाही हात असतो. रिस्पानं विचारलं, "माझ्या तळ्यानं असं कितीसं तापवलं असेल?"

"अगदी थोडं, मावशी. एकट्या तुमच्या तळ्यानं आभाळ थंड होणार नाही."

"थोडं असू दे. माझं आहे ना ते," रिस्पा म्हणाली.

पुढल्या खेपेला मुसिंबीनं एक कॅन आणला. आत तपकिरी, आंबूस पाणी. हे विरजण, ती म्हणाली. यातले जिवाणू तळाचा गाळ खाऊन टाकतात, मग कुजायला फारसं उरत नाही, वायू कमी होतो, पंपही कमी लागतो. काकवी घालून घरीच वाढवायचं आणि ठरल्या दिवशी तळ्यात ओतत राहायचं. रिस्पानं झाकण उघडून हुंगलं. तिच्या आईच्या घरच्या नाचणीच्या आंबिलीचं विरजण असंच घमघमायचं. जिवंत विरजण कसं सांभाळायचं हे तिला शिकवायला लागलं नाही. प्रमाण आणि दिवस मात्र मुसिंबीनंच ठरवून दिले.

दोर्सिलाला हे कळायला वेळ लागला नाही. ती काठी टेकत आली.

"काय आहे यात?"

"डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव, आजी."

"जिवंत?"

"जिवंतच हवेत. मेले तर उपयोग नाही."

"पाण्यात जाऊन वाढतात?"

"वाढतात म्हणून तर घालायचे."

दोर्सिला रिस्पाकडे वळली. "जिवंत आहे, आपल्या हातानं टाकायचं, आणि ते वाढायचं. मग पेरणी म्हणजे आणखी काय असतं?"

मुसिंबीनं वरचं तळं तसंच ठेवायचं योजलं होतं, तुलनेसाठी. तिनं ते परोपरीनं समजावलं. दोर्सिलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे धाकटीचं तळं शहाणं होणार आणि माझं पादत राहणार." मुसिंबीनं तुलनेसाठी गावातलं दुसरं तळं शोधलं. दर वेळचं नवं विरजण म्हणजे नवी पेरणी, असाही निकाल दोर्सिलानं त्याच दमात देऊन टाकला.

तेव्हापासून ठरल्या सकाळी रिस्पा कॅन घेऊन वरच्या बांधावर जाई. दोर्सिला कडा उडालेला आपला निळा मग घेऊन येई, तो बुडवून विरजण पाण्यात सोडी, नंतर कॅनमधलं तिच्या वाट्याचं रिस्पा ओतून देई आणि उरलेलं घेऊन खाली उतरे. सुरुवातीला दोघी गप्प असत. पुढे दोर्सिलाला बोलल्याशिवाय राहवेना.

"वास बरा आहे. तुझी आंबील याहून वाईट असते."

"मग मागच्या आठवड्यात दोनदा कशाला मागवलीत?"

"पोटाला त्रास व्हावा म्हणून."

नवऱ्याच्या हयातीत ज्या बोलल्या नव्हत्या त्या बांधावर बोलायला लागल्या. कोणाची सून कशी वागते, कोणाच्या गाईला काय झालं, ओगुतू घोरायचा कसा. एकदा दोर्सिला म्हणाली की तिचा पाचवा मुलगा पाळण्यातच गेला तेव्हा रिस्पानं महिनाभर तिच्या घरचं पाणी भरलं होतं, ते तिच्या लक्षात आहे. एवढंच म्हणाली आणि लगेच पाइप नीट घासत नाहीस म्हणून ओरडली.

तळी सुधारली. टबात साठणारा वायू कमी कमी होत गेला. वास गेला, इतका की पाहुणे वाट चुकायला लागले. पंप शेजाऱ्याकडेच राहिला. दुसऱ्या गावांतल्या बाया मुसिंबीबरोबर रिस्पाचं तळं बघायला येऊ लागल्या, आणि आल्या की रिस्पाला मोढा देऊन स्वतः गवतावर बसत. पोटाला मासे होते हे तर होतंच, पण मुलगा नसलेल्या त्या बाईला जगात उभं राहायला ते तळं ही एकच जागा होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग एका ठरल्या सकाळी ती कॅन घेऊन वरच्या बांधावर थांबली आणि दोर्सिला आली नाही. ऊन अंगावर आलं तरी आली नाही. रिस्पा घराशी गेली तर थोरली उंबऱ्यात आडवी, तोंड एका बाजूला ओढलेलं, निळा मग घरंगळून अंगणात. गाडी मिळवून तिला किसुमूच्या इस्पितळात नेलं. नैरोबीहून ओचोला, तिचा मोठा मुलगा, परस्पर तिथे पोचला. रिस्पानं अंगणातला तो निळा मग उचलला, धुतला आणि थोरलीच्या दाराशी पालथा ठेवला. कॅनमधलं विरजण तसंच परत नेलं.

दिवस गेले. खालच्या तळ्यातून पुन्हा बुडबुडे यायला लागले. रिस्पानं ओचोलाला फोन लावला.

"कशी आहे रे?"

"आहे तशीच, धाकटे आई. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही."

"माणसं ओळखते?"

"डॉक्टर म्हणतात ओळखत असेल. तुझ्या तळ्यासाठी मुसिंबी काळजीत आहे. मला फोन आला होता तिचा. घालून टाक ना ते विरजण. हे जुनं सगळं कोण धरून बसतं आता?"

"तुझ्या आईनं सांगितलं का घाल म्हणून?"

"ती बोलतच नाही, सांगणार कशी?"

"गेली का ती?"

"काय बोलतेस हे?"

"मग मी आधी कशी घालू?" रिस्पानं विचारलं.

शेजारणींनी तोड काढली. थोरलीची कुदळ आण, तिचं पातं पाण्याला लाव, म्हणजे तिचा हात लागल्यासारखं होतं. तशी रीत आहेच आमच्याकडे.

"ती मेलेल्या बाईसाठी आहे," रिस्पा म्हणाली.

मुसिंबी आली तेव्हा तळ्यानं वास धरला होता. तिनं टब बघितला आणि ती चिडली. "मावशी, गाळ परत साठतोय. जोराचा पाऊस झाला तर तळाचं सगळं वर येईल आणि मासे गुदमरतील. द्या इकडे, मी ओतते. मी तुमच्या घरातलीही नाही, मला कसली चिरा लागायची?"

रिस्पानं कॅनवर हात ठेवला. "चिरेला भ्यायचं वय गेलं माझं."

"मग?"

"थोरलीच्या आधी माझ्या तळ्यात पडलं म्हणजे थोरली नाही, असा अर्थ होतो. हात तुझा असो नाहीतर माझा. ती तिकडे श्वास घेतेय आणि मी इथे तिला पुरून टाकू?"

"तिला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

मुसिंबीचं बरोबर होतं, रिस्पाचं चुकत होतं. मासे रिस्पाचे होते, त्यांचं काय होणार हेही तिला समजत होतं. रोज ती कॅनमधलं थोडं काढून टाकी, काकवीचं पाणी घाली, आणि ते विरजण जिवंत ठेवी. जिवंत विरजण हाताशी घेऊन बाई तळं मरू देत होती. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि तसाच पाऊस झाला. थंड, जोराचा, रात्रभर. पहाटे रिस्पा बांधावर गेली तर पाणी काळं होतं आणि सगळ्या तळ्यावर माशांची तोंडं, उघडमीट करणारी. तिनं जे जे मेलेलं, निर्जीव हाताशी होतं ते सगळं वापरून बघितलं. चुना टाकला, चुन्याला कसली थोरली-धाकटी? शेजाऱ्याचा पंप आणला, तो धूर ओकत चालला आणि बंद पडला. पाइप पूर्ण मोकळा सोडला. वरच्या तळ्याला ओढ्याचं ताजं पाणी होतं, तिथले मासे बरेचसे तगले. खालचे उन्हं वर येईपर्यंत एकेक करून कलंडले.

शेजारणी आल्या. केळींच्या मागे खड्डा खणला आणि घमेली भरभरून मासे त्यात ओतले. कोणी रिस्पाला बोल लावला नाही, पण मुकाट्यानं काम करणाऱ्या बायांचे चेहरे तिला वाचता येत होते. ती रडली नाही. सगळ्या गेल्यावर तिनं कोपरापर्यंत हात घासून धुतले, घरात गेली आणि कॅनमध्ये काकवीचं पाणी घातलं.

दोर्सिला परत आली ती ओचोलाच्या गाडीतून, अर्धी. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड वाकडं, पण जीभ परतली होती. जड, ओढत बोलणारी, तरी तिचीच. गाडी फाटकातून आत आली तशी तिनं नाक वर केलं.

"कसला वास हा?"

रिस्पा गाडीच्या दाराशी उभी होती. "माझं तळं आहे. मासे मेले."

"किती?"

"सगळे."

"विरजण संपलं होतं?"

"नाही. आहे अजून."

"मग घातलं का नाहीस, मूर्ख बाई?"

"तुम्ही नव्हतात."

"नव्हते म्हणजे?" दोर्सिलाचा आवाज चढला. "मेले होते?"

"नाही ना," रिस्पा म्हणाली. "म्हणूनच."

ओचोलानं आणि शेजाऱ्यानं तिला गाडीतून खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून घराकडे न्यायला घेतलं, तर तिनं डाव्या हातानं काठी आपटली. घराकडे नाही, तळ्याकडे. दमलीयेस, उद्या बघू, असं ओचोला म्हणत राहिला. पण आईनं त्याचं आजवर कधी ऐकलं होतं?

तिची खुर्ची वरच्या बांधावर ठेवली. रिस्पानं कॅन आणला, दाराशी पालथा पडलेला निळा मगही आणला. ओचोला मागे सरला.

"तू या घरात आलीस तेव्हापासून," दोर्सिला एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्या मरणाची वाट बघतेस."

"बघत होते," रिस्पा म्हणाली. "पेरणीच्या दिवसांत तर फारच. तुम्ही चहा पीत बसायच्यात ना."

"आणि मग?"

"मग कधीतरी बंद झालं. कधी ते लक्षात नाही."

दोर्सिलाच्या वाकड्या तोंडाला हसता येत नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी आलं. रिस्पानं आपल्या डोक्याच्या फडक्यानं ते पुसलं. दोर्सिलानं मगाकडे डावा हात नेला आणि मागे घेतला. डाव्या हातानं बी टाकत नाहीत. मग रिस्पानं तिचा उजवा हात मांडीवरून उचलला. थंड, जड, आपला नसल्यासारखा हात. त्याची बोटं एकेक करून मगाच्या कानाभोवती वळवली आणि वरून स्वतःच्या हातानं घट्ट धरून ठेवली. निळा मग कॅनमध्ये बुडाला, वर आला आणि पाण्यावर कलता झाला. विरजण पाण्यात पडलं तेव्हा दोघींचे हात मगावर होते.

"आता खाली," दोर्सिला म्हणाली.

"मी घालते नंतर. तुम्ही चला घरात."

"मला खाली न्या."

इतक्या वर्षांत जिच्या पायानं खालचा बांध शिवला नव्हता, तिची खुर्ची ओचोलानं आणि शेजाऱ्यानं घसरत, सावरत उतारावरून खाली आणली. काळ्या पाण्यात एक मासा नव्हता. मधूनच बुडबुडा उठे आणि फुटे.

"घाल," दोर्सिला म्हणाली.

"यात मासे नाहीत आता."

"पादतंय तर अजून. घाल. तळं जागेवर आलं की माझ्या तळ्यातली पिल्लं ने, हवी तेवढी ने." ती दम घ्यायला थांबली. "आणि ओचोला, ऐकून ठेव, तूच साक्षी. पुढे मी पडले, बोलता आलं नाही, तरी हिनं थांबायचं नाही. मी आत्ताच सांगून ठेवतेय. मी जिवंत असताना सांगतेय."

रिस्पानं कॅन उचलला आणि सगळं विरजण त्या मेल्या पाण्यात ओतलं. मासे पुरले त्या दिवशी ती रडली नव्हती. आता कॅन रिकामा झाला आणि तिला रडू फुटलं, माशांसाठी, मोठमोठ्यानं, फडकं तोंडाला न लावता. ओचोला पुढे व्हायला लागला, तसा दोर्सिलानं डावा हात आडवा धरून त्याला थांबवलं. रडणं सरेपर्यंत ती खालच्या बांधावर, धाकटीच्या शेजारी बसून राहिली.